हातानं आवळलेला नट

आमच्याकडे जेवणाची पंगत बसायची वेळ झाली की सगळ्यात आधी खुर्चीची शोधाशोध व्हायची. बाकी सगळे खाली पाटावर, आणि मधोमध खुर्चीवर आमचे भाऊजी, समोर स्टुलावर ताट. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. जवाई एकटाच उंचावर बसलेला पाहून कोणी ना कोणी हमखास म्हणायचं, ‘‘भाऊजी, हळू जेवा, एखादं वळण लागंन.’’ पंगत हसायची, भाऊजी स्वतःही हसायचे. मीही हसायचो, आणि माझं हसणं सगळ्यांत मोठं असायचं. आज लाज वाटते ती गुडघ्याच्याही आधी त्या हसण्याची.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. पांढुर्ण्याला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मी शाळेत असतानाच ते गेले. मागे राहिली आई, मी, मोहगावकडे दिलेली माझी थोरली बहीण आणि वडिलांची हत्यारांची पेटी. मी छिंदवाड्याहून आयटीआय करून आलो होतो, फिटरचं सर्टिफिकेट कपाटात होतं आणि काम कुठेच नव्हतं. वर्षभर मी गल्लीतल्या सायकली, हातपंप, शिलाई मशीनी, ज्याला त्याला पाना लावत हिंडत होतो. आई म्हणायची, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ती गमतीनं म्हणायची, मला झोंबायचं. कोणीतरी माझ्याकडे पाहून ‘कारागीर आहे’ म्हणावं यासाठी मी तेव्हा काहीही केलं असतं. केलंच.

ताई नवरात्रासाठी माहेरी आली होती. अष्टमीला भाऊजी तिला न्यायला मोटरसायकलवर आले. दसरा आमच्याकडे करून दुसऱ्या दिवशी दोघं निघणार होते. घरी त्यांची संत्र्याची बाग होती आणि पंचक्रोशीत मोटरसायकल असलेल्या मोजक्या घरांत त्यांचं घर होतं. पण माणूस असा सावध, की गाडी उभी केली तरी पुढच्या चाकाला दगड लावायचा. चहा पिता पिता मी गाडीभोवती फिरलो. पुढचा उजवा शॉकप वरपासून खालपर्यंत तेलानं ओला झालेला, त्यावर रस्त्याची धूळ चिकटून चिखल झालेला.

‘‘भाऊजी, शॉकप गळून राहिला तुमचा.’’

‘‘हो ना बाबू. सौसरच्या मिस्त्रीले दाखवतो गेल्यावर.’’

‘‘मिस्त्री कायले? मी बसलो आहो ना घरी. उद्या सील बदलून देतो.’’

त्यांनी नको नको म्हटलं. मी ऐकलं नाही. जवायाचं काम करायला मिळणं हा मान होता, आणि मला तो मान हवा होता.

शॉकपचं काम समजायला सोपं आहे. एक गुळगुळीत पाईप दुसऱ्या जाड नळीत वरखाली होतो, नळीत तेल असतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी रबराची एक कडी बसवलेली असते. तेच सील. ते झिजलं की तेल गळतं. बदलायचं तर पुढचं चाक काढावं लागतं, आणि चाक काढायचं तर ब्रेकची पट्टी सोडावी लागते. पुढच्या चाकातला ब्रेक ज्या ताटलीवर बसलेला असतो, ती ताटली चाकाबरोबर फिरू नये म्हणून वीतभर लोखंडी पट्टीनं तिला शॉकपच्या पायाशी बांधलेलं असतं. एक बोल्ट, एक नट. चौदा नंबरचा पाना लागतो.

नवमीला सकाळीच मी अंगणात पोतं अंथरलं, इंजिनखाली लाकडाचा ओंडका दिला आणि कामाला लागलो. भाऊजी शेजारी मांडी ठोकून बसले होते, मला पाने देत होते आणि संत्री सोलून खात होते. इतकं सुख मला त्या वर्षात दुसरं मिळालं नव्हतं. जुनी सिलं वाळल्या चामड्यासारखी कडक झाली होती. नवी बाजारातून आणून रात्रभर तेलात ठेवली होती. नवं सील नळीत बसवताना त्याच्या डोक्यावर जुनं सील ठेवलं, आणि वरून आईच्या धुण्याच्या मोगरीनं चारी बाजूंनी हलके हलके ठोकलं, म्हणजे ते तिरपं जात नाही. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, वडिलांना जिनिंगमध्ये बेअरिंग बसवताना पाहिलं होतं तेवढंच. तेल मोजायला खोकल्याच्या औषधाची बाटली घेतली. दोन्ही पायांत सारखं मोजून ओतलं.

‘‘हात सफाईचा आहे हां तुह्या भावाचा,’’ भाऊजी ताईला म्हणाले. माझी छाती वीतभर फुगली.

चाक बसवलं, त्याचा आस कसला, आणि ब्रेकच्या पट्टीचा नट बोटांनी फिरवत होतो तेवढ्यात आई आली. हातात हळदीकुंकवाचं ताट. आमच्याकडे खांडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, त्यांना कुंकू लावून झेंडूची फुलं वाहतात, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. आई यात फार कडक होती. वडील गेल्यावर घरातली भांडी विकली गेली, पण पेटीतला एक पाना तिनं विकला नव्हता.

‘‘झालं का रे? बारा वाजून राहिले. हत्यारं दे.’’

तो नट आवळायला दोन मिनिटंही लागली नसती. ‘थांब, एक नट राहिला,’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोर भाऊजी बसले होते, नुकतं माझं कौतुक करून. सकाळपासून मी ‘दोन तासांचं काम आहे’ म्हणून मिरवलो होतो आणि चार तास झाले होते. मी म्हणालो, ‘‘झालं.’’

आईनं पाने गोळा केले, पक्कडही नेली. मी तो नट फडक्यानं धरून होता होईल तेवढा हातानं आवळला. उद्या संध्याकाळी पूजा उठली की पक्का करू, गाडी तर परवा निघणार आहे, असा हिशेब मनाशी केला. संध्याकाळी भाऊजी गाडी स्टेशनपर्यंत फिरवून आले. तेलाचा एक थेंब नव्हता. त्यांनी पाईपवरून बोट फिरवून आईला दाखवलं, ‘‘पाहा मामीजी, कोरडाठाक.’’ आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वडील आठवले असणार. मला नट आठवला, पण मी तो विचार बाजूला सारला.

दसऱ्याला सकाळी जेवताना भाऊजी म्हणाले, ‘‘मामीजी, आम्ही आजच निघतो म्हंतो. संध्याकाळी बाबाले पहिलं सोनं आपल्या हातानं देल्लं तर बरं वाटते त्याहिले.’’ त्यांचे वडील जुन्या वळणाचे, शिस्तीचे. त्यांच्यापुढे भाऊजी स्वतः बाप व्हायच्या वयाचे असूनही मान खाली घालून उभे राहायचे, आणि त्या माणसाच्या तोंडून एकदा ‘चांगलं केलं’ ऐकायला जीव टाकायचे. आईनं थांबवलं नाही. ताईनं पिशवी भरली.

माझी नजर पूजेकडे गेली. पाटावर हत्यारं मांडलेली, चौदाचा पाना सगळ्यांत वर, त्यावर झेंडूचं फूल. पूजेतून पाना उचलायचा तर आईला कारण सांगावं लागणार, म्हणजे काल ‘झालं’ म्हणालो ते खोटं होतं हे भाऊजींसमोर उघडं पडणार. शेजारी मागावा तर गल्लीभर सगळ्यांचीच हत्यारं पूजेत बसलेली, आणि वर चर्चा. मी पाणी प्यायचं निमित्त करून अंगणात गेलो, नट पुन्हा एकदा फडक्यानं पिळला. हलत नव्हता. टिकेल, मी स्वतःला सांगितलं. फिटरचं सर्टिफिकेट घेतलेला माणूस मी. हातानं आवळलेला नट गिट्टीच्या रस्त्यावर किती टिकतो हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

भाऊजींनी गाडीला किक मारली आणि विचारलं, ‘‘सगळं बराबर ना बाबू?’’

‘‘एकदम बराबर.’’

ताई मागे बसली, आईनं तिच्या ओटीत आपट्याची पानं घातली आणि ते निघाले.

दिवस मावळायच्या सुमारास, गल्लीत सोनं वाटणं नुकतं सुरू झालं होतं, तेव्हा सौसरकडून आलेल्या एका जीपवाल्यानं निरोप आणला. ओढ्यावरच्या रपट्याच्या उतारावर गाडी पडली. बाईला खरचटलंय, माणसाचा पाय गेला, दोघांना सौसरच्या सरकारी दवाखान्यात नेलंय. आई भिंतीला धरून खाली बसली. मग एकदम उठली, आत गेली, पूजेच्या पाटावरून पाने उचलून पदरानं त्यांचं कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिले.

‘‘जाय. गाडी रस्त्यावर पडली असंन, ते पाहाले लागंन.’’

मी म्हणालो, ‘‘पूजा उठली नाही ना अजून.’’

‘‘माणसापरीस मोठी राहते का रे पूजा? देवाले समजते.’’

पाना तिनं सकाळीही दिला असता. मागितला असता तर कपाळाला आठी न घालता दिला असता. तिच्या कडकपणाच्या आड मी माझी बढाई लपवली होती, बाकी काही नाही. हे मला तिथेच, तिच्या हातातून पाने घेताना कळलं.

आणि कळूनही मी काय केलं? निघण्यापूर्वी वडिलांच्या पेटीतून त्या मापाचा एक नट काढून खिशात टाकला. म्हणजे गाडी पाहायच्या आधीच मला माहीत होतं.

त्याच जीपनं मी रपट्यापर्यंत गेलो. गाडी कडेच्या तुरीत आडवी होती. ब्रेकची पट्टी सुटून लोंबत होती, बोल्टावर नट नव्हता. भाऊजींनी उतारावर ब्रेक दाबला, ताटली चाकाबरोबर फिरली, ब्रेकची तार आसाभोवती गुंडाळून तुटली आणि चाक जागच्या जागी जाम झालं. मी ताटली पूर्वीसारखी फिरवली, पट्टी जागेवर आणली, खिशातला नट लावला आणि चौदाच्या पान्यानं आवळला. चांगला कचकचून आवळला. तुटलेली तार तशीच ठेवली. पडल्यावर तार तुटतेच, त्यात कोणाला काय दिसणार? मग दवाखान्यात गेलो आणि ताईच्या गळ्यात पडून रडलो.

भाऊजींचे वडील तिथे आलेले होते. पांढरं धोतर, हातात छत्री, चेहऱ्यावर राग आणि भीती दोन्ही. ताई त्यांना सांगत होती, ‘‘मामाजी, हे हळूच चालवून राहिले होते हो. खरंच हळू होते.’’

‘‘हळू चालवनारा मानूस असा पडते का? नवऱ्याची बाजू घेऊ नोको. बायको मांगं बसलेली, अन् हा सणाच्या दिवशी गाडी उडवते.’’

मी तिथे उभा होतो.

चार दिवसांनी म्हाताऱ्यांनी सौसरच्या एका मिस्त्रीला बोलावून गाडी तपासून घेतली. शहाणा माणूस, गाडीचा दोष असेल तर मुलाला उगाच बोल लावायचा नव्हता त्यांना. मिस्त्रीनं सगळे नट-बोल्ट पाहिले, तार पाहिली आणि सांगितलं, ‘‘गाडीत खोट नाही. तार पडल्यानं तुटली. अन् शॉकपचे सील कोनं बसोले? लय मस्त बसोले.’’ त्या मिस्त्रीची काही चूक नव्हती. त्यानं जे दिसलं तेच सांगितलं, आणि त्याला काय दिसावं हे मी ठरवून ठेवलेलं होतं. म्हाताऱ्यांनी त्याच दिवशी गाडीची किल्ली स्वतःच्या कमरेला खोवली आणि महिनाभरात गाडी विकली.

नागपूरला दोनदा प्लास्टर झालं. गुडघा वाकला नाही. शेवटपर्यंत म्हातारे चारचौघांत म्हणायचे, ‘‘आमच्या पोराच्या हाती गाडी देऊ नोका बाप्पा.’’ एवढा सावध माणूस, आणि गावभर त्याचं नाव झालं उडवणारा म्हणून. भाऊजी पहिली काही वर्षं म्हणायचे, ‘‘अचानक चाक अडकलं हो.’’ ऐकणारे एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावायचे. हळूहळू त्यांनी ते म्हणणं सोडून दिलं आणि स्वतःवरच विनोद करू लागले.

मला पुढे सौसरजवळच्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली. त्यासाठी भाऊजींनीच शब्द टाकला होता. ‘‘सील बसोलं होतं तुनं, तवाच म्हंलं होतं मी, हात सफाईचा आहे,’’ असं म्हणाले. मी खाली वाकून पाया पडलो, ते उठवेपर्यंत मान वर करवली नाही.

गप्प का राहिलो, याची कारणं माझ्याकडे तयार असायची. आईला कळलं तर ती स्वतःच्या पूजेला दोष देईल. ताईच्या सासरी माहेरचं नाव खराब होईल. नोकरी जाईल. यांतलं पहिलं कारण मला फार आवडायचं, कारण त्यात मी चांगला मुलगा दिसायचो. खरं म्हणजे मला फक्त भीती वाटत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कोणी ‘नट’ शब्द उच्चारला तरी मी विषय बदलायचो.

भाऊजींचे वडील वारले आणि बागेचा सगळा व्याप त्यांच्या अंगावर आला. संत्र्याच्या सौद्यासाठी सारखं सौसर, लोधीखेडा करावं लागे. ताठ पाय ओढत ते फाट्यापर्यंत चालत जायचे आणि तासन्‌तास बसची वाट पाहायचे. दोन वर्षं हे पाहून ताईनं मला बोलावून घेतलं.

‘‘तू समजाव त्याहिले. एखादी हलकी गाडी घ्या म्हनाव. डॉक्टर म्हंते चालवता येते. माह्यं ऐकून नाही राहिले.’’

दुपारची वेळ होती. भाऊजी ओट्यावर खुर्चीत बसले होते, पाय समोर लांब. मी ताईनं शिकवलेलं सगळं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

‘‘नाही बाबू. माह्या हाती गाडी द्याले नाही पाह्यजे. बाबा बराबर बोलत. माहं ध्यान नाही राहत. त्या दिवशी तुह्या बहिनीचा जीव घेतला असता मी.’’

असं म्हणताना ते हसले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना यावर न हसता बोलताना पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, ‘‘भाऊजी, तुमची चूक नव्हती. माही होती.’’

ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग खळखळून हसले. आत ताईला हाक मारली, ‘‘आयकलं का? तुहा भाऊ पाहाय. जवायाचा मान राखून राहिला. माही चूक आपल्या अंगावर घेऊन राहिला, मी गाडी घ्यावं म्हनून!’’ मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, ‘‘जाऊ दे रे. इतकं कोनी करत नाही.’’

माझ्या इतक्या वर्षांच्या पापाची कबुली त्यांनी जवायाचा मानपान समजून घेतली होती. तिथेच उठलो असतो तर सुटलो असतो. मोह झाला नाही असं नाही. ताई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न पाहता मी सगळं सांगितलं. आई ताट घेऊन आली तिथपासून. ‘झालं’ म्हणालो ते. फडकं. ‘एकदम बराबर.’ घरून निघताना खिशात टाकलेला नट, लोंबणारी पट्टी, तुरीत बसून पान्यानं कसं आवळलं ते. मिस्त्रीनं का सांगितलं गाडीत खोट नाही म्हणून, ते.

भाऊजींचं हसू केव्हा गेलं ते मला कळलं नाही. त्यांनी विचारलं, अगदी हळू आवाजात, ‘‘म्हंजे, मी हळूच होतो का रे?’’

इतकी वर्षं लोकांचं ऐकून ऐकून त्या माणसाला स्वतःचंच आठवेनासं झालं होतं. मी म्हणालो, ‘‘हो भाऊजी. हळूच होते तुमी.’’

ताई पदर तोंडाला लावून रडत होती. मी भाऊजींच्या गुडघ्याशी वाकलो, म्हणालो, पाहिजे तर मारा मला. त्यांनी ताठ पाय बाजूला सरकवला. गुडघ्याबद्दल एक शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. आतल्या खोलीच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, तिकडे पाहत ते म्हणाले, ‘‘हे माह्या बापाले सांगाले पाह्यजे होतं तुनं.’’